नाताळचा चीजकेक आणि आपल्या घरचा चक्का



आगमनकाळ सुरू झाला की आमच्या धर्मग्रामातील तरुण मुलामुलींच्या तोंडी नवनव्या केकची नावे येऊ लागतात. प्लम केक जुना झाला. आता मसालेदार बिस्किटांचा चीजकेक हवा, आणि तो शहरातील मोठ्या बेकरीतूनच आणायला हवा असा आग्रह असतो. लेकरांनी सणाला काही मागितले तर त्यात वाईट काहीच नाही. परंतु हा केक कशाचा होतो, त्यातील कोणती वस्तू आपल्या घरात नाही, आणि त्यासाठी आपण कोणाच्या खिशात किती पैसे घालतो, याचा विचार शेतकरी कुटुंबाने एकदा शांतपणे करावा असे आम्हाला वाटते. आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. हा केक आपल्या गोठ्यातील दुधाचा आणि आपल्या भट्टीतील नानकटाईचा होऊ शकतो, आणि ज्याच्या घरी दुभते जनावर आहे त्याने तो विकत आणू नये.

दूध आपले, केक कोणाचा?

तरसाली आता शहरात मिसळली आहे. आपल्यातील पुष्कळांची मुले कारखान्यात किंवा कचेरीत जातात. तरीही ज्यांची जमीन आणि गुरे आसपासच्या गावांत आहेत अशी कुटुंबे आपल्यात आहेत. त्यांची पहाट अजूनही दुधाच्या कॅनने उजाडते. आपल्या जिल्ह्याचा सहकारी दूध संघ १९५७ साली स्थापन झाला. त्याआधी ११ वर्षे, १९४६ साली, शेजारच्या खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संघ उभारला होता. या संघांनी शेतकऱ्याला दलालाच्या हातातून सोडवले, हे उपकार विसरता येणार नाहीत.

पण एक गोष्ट आम्हाला घरोघरी फिरताना खटकते. फॅटवर भाव मिळतो म्हणून काही घरांत सगळेच दूध डेअरीत जाते, आणि लेकरांच्या वाट्याला काळा चहा येतो. जी माउली पहाटे चारा घालते, शेण काढते, धार काढते, तिच्या स्वतःच्या ताटात दह्याची वाटी नसते. मग सणाला त्याच दुधाच्या पैशातून, कधी उसनवारी करून, मोठ्या दुकानातील केक येतो. त्या केकवरील पांढरे शुभ्र क्रीम पाहून आपण समजतो की ते दुधाचेच आहे. खोक्यावरील बारीक अक्षरे वाचून पाहा. पुष्कळदा तेथे ‘नॉन-डेअरी’ असे छापलेले आढळते. म्हणजे ते क्रीम पाम किंवा तत्सम वनस्पती तेल गोठवून, त्यात साखर आणि सुवास घालून फुगवलेले असते. दुधाचा शेतकरी आपले दूध विकतो आणि दुधाचा नसलेला केक विकत घेतो, हा व्यवहार आम्हाला तरी उफराटा वाटतो.

चीजकेक ही शेतकऱ्याचीच वस्तू

चीजकेक म्हणजे साहेबी थाटाचे पक्वान्न असा समज आहे. तो खरा नाही. रोमचा केटो नावाचा जमीनदार ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात होऊन गेला. त्याने शेतीवर एक पुस्तक लिहिले. लॅटिन भाषेतील आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने गद्य पुस्तक मानतात. द्राक्षमळा कसा लावावा, जितराबाची निगा कशी राखावी, हे सांगता सांगता त्याने चीज कुस्करून, त्यात पीठ आणि एक अंडे घालून, पानांवर ठेवून, वर तापलेले मातीचे झाकण घालून मंद आचेवर भाजण्याची रीतही दिली आहे. आपल्या आज्या पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून केक भाजत असत, ती तऱ्हा याहून फारशी वेगळी नव्हती. आपल्याच देशात ओडिशाच्या नयागड भागात ताजा छेना गुळात किंवा साखरेत मळून, सालाच्या पानांत बांधून, निखाऱ्यांवर सावकाश भाजतात. त्याला छेनापोड म्हणतात. तोही चीजकेकच.

अमेरिकेत जे क्रीम चीज वापरतात ते अलीकडचे. १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर गावच्या एका डेअरीवाल्याने ते कारखान्यात करू घातले. तेथील नियमाप्रमाणे त्यात किमान ३३ टक्के स्निग्धांश लागतो. जर्मनीतील घरोघरच्या चीजकेकमध्ये मात्र असले क्रीम चीज नसते. तेथे क्वार्क वापरतात. क्वार्क म्हणजे विरजलेल्या दुधातील पाणी काढून उरलेला घट्ट, गुळगुळीत गोळा. वाचकहो, याला आपण मराठीत काय म्हणतो? चक्का!

ही तुलना आम्ही ओढूनताणून करीत नाही. आपल्या वडोदऱ्याच्या डेअरीत सुगम नावाने श्रीखंड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची यांत्रिक पद्धत १९७० च्या दशकात बसवली गेली. एवढ्या दह्याला फडक्यात टांगणार कोण? तेव्हा चक्का काढण्यासाठी युरोपात क्वार्क वेगळे करणारे जे गरगर फिरणारे यंत्र असते तेच वापरण्यात आले. मलई काढलेल्या दुधाचे दही त्यातून काढायचे आणि मग त्यात मलई व साखर मिसळायची, अशी ती रीत. युरोपच्या यंत्राला आपला चक्का परका वाटला नाही. मग युरोपच्या केकला तरी तो परका का वाटावा?

म्हशीचे दूध काही कामांना चालत नाही, असे एके काळी परदेशी तज्ज्ञ सांगत. त्याची पावडर होणार नाही असेही ते म्हणत. हरिचंद दलाया यांनी आणंदला १९५५ साली ती करून दाखवली. आपली सुरती म्हैस मही आणि साबरमती या नद्यांमधल्या पट्ट्यातली, म्हणजे आपल्या अंगणातलीच. तिच्या दुधात ७ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. अशा दीड लिटर सायीसकट दुधाचे दही टांगले तर सुमारे अर्धा किलो चक्का निघतो, आणि त्यात स्निग्धांश २० टक्क्यांच्या घरात असतो. केक मऊ व्हायला तेवढा पुरे. ३३ टक्क्यांची गरज नाही.

मसालेदार बिस्किट कोठले?

आता बिस्किटाकडे वळू. नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत संत निकोलसच्या सणाला, ५ आणि ६ डिसेंबरला, दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलची घातलेली कुरकुरीत बिस्किटे करतात. लाकडी साच्यात दाबून त्यांवर त्या मायराच्या बिशपांचे चित्रही उमटवतात. बेल्जियममध्ये अशाच प्रकारची बिस्किटे १९३२ पासून करणाऱ्या एका कारखान्याचा माल आज जगभर जातो, आणि त्यांचाच चीजकेक आपल्या मुलांना हवा असतो.

हे मसाले त्या थंड देशांत पिकत नाहीत. डचांच्या व्यापारी कंपनीने १६२१ साली इंडोनेशियातील बांदा बेटे रक्तपात करून जिंकली, ती जायफळासाठी. १६६३ मध्ये कोचीन घेतले ते मिरीच्या व्यापारासाठी. त्याच कंपनीची वखार सुरतेला होती. सुरतेत असे सांगतात की डचांनी तेथे एक बेकरी चालवली होती, आणि जाताना ती आपल्या पारशी कामगाराच्या हवाली केली. त्यातूनच पुढे सुरतेची नानकटाई नावारूपाला आली. कथा कशीही असो, नानकटाईत वेलची आणि जायफळ आहे, ती खुसखुशीत आहे, आणि बहुधा तिच्यात अंडे नसते. चीजकेकच्या तळाला आणखी काय हवे? दिवाळीच्या सुमारास मैदा, तूप आणि साखर घेऊन भट्टीवर नानकटाई भाजून आणण्याची चाल आपल्याकडे आहेच. तीच नाताळातही चालवावी. भट्टीवाल्याला चिमूटभर दालचिनी आणि सुंठ जादा घालायला सांगितली की विलायती बिस्किटाची उणीव भासणार नाही.

एक सूचना मात्र पाळावी. तूप आपले न्यावे. भट्टीवर वनस्पती तूप वापरले जाते की काय हे विचारून घ्यावे. गोठवलेल्या तेलातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक असते. म्हणूनच सरकारने जानेवारी २०२२ पासून तेलातुपातील त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम केला आहे.

करण्याची रीत

दीड लिटर म्हशीचे दूध चांगले उकळावे. कच्च्या दुधाचे दही लावू नये. जनावराला सांसर्गिक गर्भपाताचा किंवा क्षयाचा रोग असेल तर तो कच्च्या दुधातून माणसाला होतो. दूध कोमट झाल्यावर विरजण लावावे. डिसेंबरच्या थंडीत भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवावे. दही लागले की आंबट होण्याची वाट न पाहता उकळून घेतलेल्या स्वच्छ फडक्यात बांधून ६ ते ८ तास टांगावे. चक्का जितका कोरडा, तितका केक चांगला बसतो.

दीडशे ग्रॅम नानकटाई कुटून, एक चमचा वितळलेले लोणी घालून, ७ इंची डब्याच्या तळाशी घट्ट दाबावी. नानकटाईत मुळातच तूप असते, म्हणून जास्त लोणी घालू नये. अर्धा किलो चक्का पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढावा. त्यात १०० ग्रॅम साखर, एक मोठा चमचा मैदा, पाव चमचा दालचिनीपूड, थोडी वेलची आणि किसलेले जायफळ घालावे. शेवटी दोन अंडी फोडून हलक्या हाताने मिसळावी. फार फेसू नये, कारण आत शिरलेली हवा भाजताना फुगते आणि मग केक खचतो.

जाड बुडाच्या कढईत वाळू किंवा जाडे मीठ पसरून वर तिवई ठेवावी, झाकण लावून दहा मिनिटे तापवावी आणि त्यात डबा ठेवून मंद आचेवर सुमारे ५० मिनिटे भाजावे. कडा घट्ट झाल्या आणि मध्यभाग किंचित थरथरत असला की आच बंद करावी. दूध आणि अंडे यांतील प्रथिने उष्णतेने जाळे विणतात, त्यात पाणी अडकते आणि केक बसतो. आच मोठी झाली तर ते जाळे आवळते, पाणी बाहेर पडते आणि केकला भेगा जातात. म्हणून घाई करू नये. डबा कढईतच निवू द्यावा, मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. याचे १२ तुकडे होतात.

चक्क्याचे जे पाणी निघते ते मोरीत ओतणे म्हणजे दुधाचा अपमान. दही आंबते तेव्हा दुधातील बराचसा कॅल्शियम त्या पाण्यात उतरतो. त्यात थेपल्यांची कणीक मळावी, कढी करावी. लेकरांची आणि आयांची हाडे त्यावर पोसतात.

शेजाऱ्यांच्या ताटाविषयी

आपण नाताळचे ताट शेजारी पाठवतो. दिवाळीला त्यांचेही ताट आपल्याकडे येते. ही देवाणघेवाण आम्हाला फार मोलाची वाटते. पण आपले पुष्कळ शेजारी अंडे खात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा केक करावा. अर्धा लिटर दूध १०० ग्रॅम साखर घालून निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवावे, थंड झाल्यावर ते अर्धा किलो चक्क्यात मिसळावे, दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालावे, आणि डब्यावर झाकण घालून इडलीसारखे वाफेवर ४० मिनिटे ठेवावे. बंगाली लोक भापा दोई करतात ते असेच. नानकटाईचा चुरा पाण्याने मऊ पडतो, म्हणून तो तळाशी न घालता वाढताना वरून भुरभुरावा. भांडी आणि चमचे वेगळे ठेवावे, आणि ताट देताना काय घातले आहे ते स्पष्ट सांगावे. ‘कळणार नाही, चालून जाईल’ असे म्हणून अंड्याचा केक बिनअंड्याचा म्हणून देणे हे शेजारधर्माला सोडून आहे. असत्याचा घास गोड करून वाढला तरी तो असत्याचाच.

दोन आक्षेप

काही जण म्हणतील, फादर, बेकरीच्या केकला जी चकाकी येते ती घरच्याला येत नाही. खरे आहे. घरचा केक थोडा पिवळसर दिसेल, कडेला तांबूस होईल, चवीला किंचित आंबटसर लागेल. ही दह्याची खूण आहे. त्याची लाज कशाला?

दुसरे म्हणतील की गोड ते गोडच, घरचे काय आणि दारचे काय, मधुमेह दोन्हींनी वाढतो. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण आपल्यातही साखरेचे रोगी वाढत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. वर दिलेल्या मापाच्या एका तुकड्यात, नानकटाईतील साखर धरून, सुमारे १२ ग्रॅम साखर येते. तेव्हा निरोगी माणसाने सणाच्या दिवशी एक तुकडा खाल्ला तर बिघडत नाही. तीन खाल्ले तर बिघडते. मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. घरच्या केकचा फायदा एवढाच की साखर किती पडली हे आपल्याला माहीत असते, आणि पुढच्या वेळी ती कमी करणे आपल्याच हातात असते.

शेवटी हिशोबाचे. तुम्हाला दुधाला जो भाव मिळतो त्याने दीड लिटरची किंमत काढा, त्यात दोन अंडी, साखर आणि नानकटाई मिळवा, आणि तेवढ्याच वजनाचा केक दुकानात कितीला मिळतो ते विचारून या. आकडे आम्ही सांगत नाही. प्रत्येकाने आपल्या पासबुकावर मांडून पाहावे. उरलेल्या पैशात जनावराला पेंड येईल किंवा मुलीची वह्यापुस्तके येतील. ज्या भगिनींचा हात बसेल त्यांनी नियमाप्रमाणे नोंदणी करून असे केक विकायलाही हरकत नाही.

आमची विनंती मात्र याहून लहान आहे. नाताळच्या आठवड्यातील एका दिवशी दीड लिटर दूध डेअरीत घालू नका. ते घरात ठेवा. विरजण लावा, फडके टांगा, मुलांना नानकटाई कुटायला बसवा. आणि केक कापाल तेव्हा पहिला तुकडा पहाटे धार काढणाऱ्या हाताला द्या.